अर्धलीची पिल्लं

हे तुम्ही कुणी खरं मानणार न्हाय. उमरग्याच्या बाजारात मी उघड पैज लावली होती, हे खरं मानणारा एक माणूस दाखवा, त्याला माझी दुभती म्हैस देतो. म्हैस अजून माझ्याच दारात बांधलेली हाय.

पण ऐकायला काय जातंय? चहा उकळायला अजून अवकाश हाय. उमाशंकर, तू आपला पातेल्याकडं बघ, माझ्याकडं बघून दात काढू नको. अन् आवाज जरा बेतानं. त्या कोपऱ्यातल्या बाजंवर कुणी ड्रायव्हर तोंडावर टॉवेल टाकून पडलाय. लांबनं गाडी हाणत आला असंल बिचारा. हायवेवर सावली म्हणावी अशी ही एक तुझीच टपरी. झोपू दे त्याला.

तर, गेल्या श्रावणात मी डोक्यावरच्या पटक्यात कोंबडीचं पिल्लू बांधून दवाखान्यात गेलो होतो, अन् तिथल्या डॉक्टरनं छातीची नळी माझ्या टाळूला लावून ऐकलं होतं.

"टाळूत काय ऐकू आलं, काका?" उमाशंकर म्हणतो. "भुसा हलल्याचा आवाज?"

हे बघा. ह्याला गोष्ट शेपटाकडनं पाहिजे. अरे, आधी अंडं, मग पिल्लू, मग पटका. सगळं रांगेनं येऊ दे.

शांताक्का माझी शेजारीण. दोन घरांत मधी एकच भिंत, अन् ती पण इतकी पातळ की तिकडं अक्का जपाला बसली की इकडं माझा चहा गोड व्हायचा. लिंगायताचं घर. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची तीन बोटं, अन् नेमधरम असा कडक की तिच्या घरातली मुंगी पाय धुतल्याशिवाय गुळाला तोंड लावत न्हाय. मुंगीला पाय किती असतात ते बघा, म्हणजे तिची न्याहारी दुपारपर्यंत का लांबते ते कळंल.

वीरप्पा तिचा एकुलता एक. सोलापूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवतो. त्याचा बाप लवकर गेला. अणदूरच्या खंडोबाची जत्रा पोरानं बघितली ती माझ्या खांद्यावर बसून. मला अन् सिताबाईला मूलबाळ न्हाय, पण खांदा काही रिकामा राहिला न्हाय. एवढंच सांगतो, पुढं चला.

गेल्या श्रावणात वीरप्पाचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. उमरग्यातल्या एका दवाखान्यात नेलं. त्यांनी पोट उघडलं, धुतलं, शिवलं. डॉक्टर म्हणाले, आतडं निजलंय, ते जागं होईस्तवर तोंडानं थेंबभर द्यायचं न्हाय, नुसतं सलाईन. गडी वाळून कडब्याची पेंडी झाला. लेक रंजनी उदगीरला जनावरांच्या डॉक्टरीचं शिकते, ती कॉलेज सोडून बापाच्या उशाशी येऊन बसली. अन् इकडं शांताक्कानं नवस बोलला.

आता नवस बोलावा जरा हात राखून. लोक नारळ बोलतात, अभिषेक बोलतात. ह्या बाईनं काय बोलावं? "पोरगं बरं होईस्तवर दर सोमवारी, दिवेलागणीआधी, माझ्या घरातला एक जीवसुद्धा तोंडात काही घालणार न्हाय." म्हणजे झालं. 'मी न्हाय खाणार' म्हणली असती तर भागलं असतं. पण काळजीत माणूस लई मोठं बोलून बसतं, अन् देव काही बोलू नको म्हणत न्हाय.

अन् बोललेलं ती पाळणारी. सोमवारी गाईला वैरण दिवा लागल्यावर. मांजर आदल्या दिवशीच माझ्या घरी हाकलली. उंबऱ्यावरच्या चिमण्या पदरानं उडवल्या. घरातले उंदीर तर सोमवारी सकाळी पिशवी घेऊन माझ्याकडं यायचे, हे मी डोळ्यानं बघितलंय.

"पिशवी कापडी व्हती का प्लास्टिकची?" उमाशंकर विचारतो.

कापडी. प्लास्टिकला बंदी हाय, उंदरांना कायदा कळतो. तू साखर टाक.

आता कोंबडी. आषाढात हायवेवरच्या कुठल्यातरी टेम्पोतनं एक गावरान कोंबडी पडली. पडली ती तडक आमच्या गल्लीत आली अन् शांताक्काच्या कडब्याच्या गंजीत शिरली. अख्ख्या गावात आपली मान कापली जाणार न्हाय असं घर कुठलं, हे तिनं कुणाला न विचारता हुडकून काढलं. अक्का आधी नाक मुरडून बसली, मग म्हणाली, "शरण आलेला जीव हाय. राहू दे." कोंबडीनं अंडी घातली, ती अक्कानं न बघितल्यासारखी केली. ह्या अंड्यांचा बाप कोण, ते विचारायला नको. माझा कोंबडा रोज सकाळी भिंतीवरनं उडून पलीकडं जायचा अन् मान खाली घालून परत यायचा.

मग कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. बसली म्हणजे कशी? मी तिच्याखाली एकदा माझं बंद पडलेलं घड्याळ सरकवलं, ते चालू झालं. अजून चालतंय, नुसतं दर तासाला जरा कुडकुडतं.

एका रविवारी पहिली काही पिल्लं निघाली. कोंबडीची रीत तुम्हाला ठाऊक हाय, शेवटचं अंडं फुटंस्तवर ती जागा सोडत न्हाय. आधी निघालेली पंखाखाली तशीच उपाशी बसतात. बाकीची अंडी सोमवारी पहाटे फुटली, अन् ती फुटता फुटता मुंगसानं डाव साधला. कोंबडी गेली. गंजीत पिसं अन् पिल्लं तेवढी राहिली.

सकाळी चिवचिव ऐकून मी भिंतीवरनं डोकावलो. बाहेर श्रावणाची झिमझिम, अंगाला गार झोंबणारी. अक्का ओसरीत दुरडी पुढं घेऊन बसलेली. दुरडीत मालकाचं जुनं धोतर, धोतरावर डझनभर पिल्लं, अन् वर एक पिवळा बल्ब लोंबत सोडलेला. मांसाचं नाव न घेणारी बाई, पण पिल्लांना ऊब लागते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"अक्का, कण्या आणू का मूठभर?"

"आज सोमवार हाय, ज्ञानबा."

"पिल्लांना कुठं वार कळतोय?"

"मला कळतोय न्हवं? घरातला एक जीव न्हाय, म्हणलेय मी. ही माझ्या घरात जन्मली."

"अगं, जन्मून घटकाभर झाली न्हाय, तोवर उपास?"

"माझ्या पोराला किती दिवस झाले पोटात कण न्हाय," ती म्हणाली, अन् दुरडीकडं बघत राहिली. "ह्यांना एक दिवस जड हाय व्हय?"

मी रंजनीला फोन लावला अन् स्पीकर चालू करून मधी ठेवला. म्हणलं, शिकलेल्या पोरीचं तरी ऐकंल.

रंजनीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आज्जी, आज लगेच मरतील असं न्हाय. पिल्लू अंड्यातनं निघायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. आईनं बांधून दिलेली शिदोरीच म्हण. त्यावर एक-दोन दिवस निघतात."

अक्काचा चेहरा खुलला. "बघ! देवानंच उपासाची सोय करून पाठवलंय."

"पण आज्जी, दिवस काढणं येगळं अन् वाढणं येगळं. पिल्लाच्या गळ्याच्या बुडाशी थायरॉइडच्या बारक्या गाठी असतात. पोटात पहिला दाणा पडला की त्यांचं हार्मोन रक्तात चढतं. ते चढलं की अंगात स्वतःची ऊब तयार होते, आतडं वाढायला लागतं, पिल्लू पळायला लागतं. दाणा न्हाय मिळाला की ते हार्मोन उतरतं. शरीर म्हणतं, आपल्याकडं काही येत न्हाय, खर्च बंद, गुमान पडून राहा. अन् गंमत बघ, दाणा खाल्लेल्या पिल्लाची पोटातली शिदोरीसुद्धा लवकर अंगी लागते. उपाशी पिल्लाची तशीच गाठीला पडून राहते."

मला तर तिथल्या तिथं समजलं. मी म्हणालो, "म्हणजे गळ्यात विजेचा डीपी हाय. पोटात दाणा पडला की फेज येतो, न्हायतर अख्खी आळी अंधारात."

"तसंच समजा, आजोबा," रंजनी हसली. "काल निघालेली कोणती, बघा. त्यांना आधी द्या. त्यांची आई न्हाय, बाहेर गारठा हाय. आधीच डीपी बंद, वरनं ताण."

अक्कानं फोनच उलटा घातला. "दिवा लागला की देईन. आधी न्हाय."

आता मी काय केलं ऐका. ह्या भागात मी वकील व्हायचा राहिलो, ते कोर्टाचं नशीब.

आमच्याकडं शेळी, कालवड अर्धलीनं देतात हे तुम्ही जाणताच. जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, होणाऱ्या पिलांत निम्मी निम्मी वाटणी. म्हणलं, "अक्का, कोंबडी तुझ्या गंजीतली, कोंबडा माझ्या दारातला. म्हणजे ही पिल्लं अर्धलीची. प्रत्येक पिल्लू निम्मं माझं. चोच माझ्या वाट्याला दे, शेपूट तुझ्याकडं ठेव. माझ्या चोचीनं माझ्या कण्या टिपल्या तर तुझा नवस मोडतो कुठं?"

शांताक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जसा सावकार खोट्या नाण्याकडं बघतो.

"टिपलेलं जाईल कुठं?"

"पोटात."

"पोट कुणाच्या वाट्याला?"

म्हणलं, "पोट मधी येतं. बांधावर."

"मग बांधावर मी आज कुणाला पेरू देत नसते," ती म्हणाली. "अन् अर्धली म्हणजे नग मोजून वाटणी, चोच-शेपूट कापून न्हाय. लिंगायताच्या ओसरीत बसून पिल्लू कापायची भाषा करतोस? लाज न्हाय वाटत?"

"वाटते थोडी."

"निम्मी पिल्लं तुझी. उचल, भिंतीपलीकडं ने, काय चारायचं ते चार. माझी निम्मी दिवेलागणीपर्यंत माझ्यासंगं."

एक तुझं, एक माझं, करत तिनं वाटणी केली. कालची, आजची, दोन्हीकडं सारखी. इमानाची वाटणी, मी साक्षी हाय. अन् मग मिसळू नयेत म्हणून तिनं आपल्या वाट्याच्या पिल्लांच्या टाळूवर भस्माची बोटं ओढली. तीन बोटं बसायला तिथं जागा कुठली? करंगळीच्या टोकानं ओढली. शेवटच्या पिल्लावर तिचं बोट जरा जास्तच वेळ राहिलं, पण मी ते बघितलं न्हाय असं दाखवलं.

सिताबाईनं आमच्या वाट्याची पिल्लं घेतली. तसंच धोतर, तसाच बल्ब. फरक एवढाच की ज्वारीच्या बारीक कण्या ओल्या करून पुढं टाकल्या अन् ताटलीत पाणी ठेवलं. पहिल्यांदा नुसती बघत बसली. मग एकानं चोच मारली, त्याचं बघून दुसऱ्यानं, अन् मग जी पंगत रंगली म्हणता! दुपार व्हायच्या आत पिल्लं एकमेकांच्या डोक्यावरनं उड्या मारायला लागली. अंगं अशी तापली की सिताबाईनं त्यांच्यावर माझी ओली टोपी धरून वाळवली.

"वाळली?" उमाशंकर म्हणतो.

कडक. इस्त्री केल्यासारखी.

मी सगळी सुपात घेतली, वर मूठभर कोरड्या कण्या टाकल्या, अन् अक्काला दाखवायला नेली. खिजवायला नेतोय असं वाटत होतं मला, पण ओसरीत पाय टाकला अन् ते मनातनं गेलं. तिच्या दुरडीतली पिल्लं बल्बाखाली एकमेकांना चिकटून, डोळे मिटून बसलेली. टाळूवर भस्म. ध्यानाला बसलेल्या म्हाताऱ्या स्वाम्यांसारखी. चिवचिव करायचंसुद्धा सोडलेलं. कालच्यातलं एक कुशीवर कलंडलं होतं, अन् अक्कानं ते तळहातावर घेतलं होतं. नुसती त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत होती.

मी सूप दुरडीशेजारी ठेवलं. इकडं कलकलाट, तिकडं सामसूम. अक्कानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

तेवढ्यात फोन वाजला. रंजनी. सकाळचा आवाज न्हवता तो.

"आज्जी, डॉक्टर येऊन गेले. अप्पांचं आतडं जागं झालंय. म्हणाले, आता पेज सुरू करा, पातळ, बिनमिठाची, चमच्या-चमच्यानं. जितक्या लवकर पोटाला काम मिळंल तितकं बरं, न्हायतर परत निजंल. पण अप्पा तोंडच उघडत न्हाईत."

"का?" अक्का म्हणाली. विचारलं खरं, पण मला वाटतं तिला तेव्हाच कळलं.

"म्हणतात, आज सोमवार हाय. म्हणतात, मी अक्काच्या घरातला जीव हाय का न्हाय? डॉक्टर रागावले, मी रडले. भिंतीकडं तोंड करून पडलेत. अंग गार लागतंय, आज्जी. धाप लागल्यासारखं बोलतात."

ज्याच्यासाठी नवस, तोच नवसात सापडला. एवढे दिवस ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हवतं, कारण आधीच्या सोमवारी त्याला डॉक्टरच काही देत न्हवते.

"फोन दे त्याला," अक्का म्हणाली. मग मऊ आवाजात, "वीरा, पेज घे रे. मी सोडला नवस."

तिकडनं बारीक आवाज आला. "अक्का, तू जेवलीस का?"

सांगा बरं. एक शब्द टाकायचा होता. 'जेवले.' मी असतो तर दोन भाकरी अन् वर ताक सांगितलं असतं. पण ह्या बाईच्या जिभेला खोटं कधी शिवलं न्हाय. ती गप राहिली.

"मग माझ्यासाठी खोटं बोलू नको," वीरप्पा म्हणाला. "दिवा लागला की बघू." अन् फोन परत रंजनीकडं गेला. रंजनी म्हणाली, आता ते फोनला हात लावत न्हाईत.

अक्का तळहातावरच्या पिल्लाकडं बघत बसली. बाहेर पाऊस पडत होता. मग ती देवघराकडं तोंड करून म्हणाली, जसं शेजारणीला सांगावं तसं, "नवस मी बोलले. मोडला तर माझा मोडला. पोराचा न्हाय, पिल्लांचा न्हाय. काय द्यायचं ते मला दे."

अन् माझ्या सुपातल्या कण्यांची चिमूट उचलून तिनं स्वतःच्या तोंडात टाकली. कोरडी. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं न्हवतं, गिळताना ठसका लागला. दुसरी चिमूट तिनं चावून मऊ केली, बोटाच्या टोकावर घेतली अन् कलंडलेल्या पिल्लाच्या चोचीला लावली. दुःखात तिच्या तोंडी माहेरची कानडी येते. "तिन्नु मगा," म्हणाली, "तिन्नु." खा रे लेकरा, खा.

चोच हलली न्हाय. परत लावली. परत न्हाय. तिसऱ्यांदा पिल्लानं एक डोळा उघडला, हिच्याकडं बघितलं, अन् टिपलं.

मग एकेक करून तिनं सगळी चारली. थोड्या वेळानं जे कलंडलेलं होतं तेच हिच्या लुगड्याच्या निऱ्या चढायला लागलं. गळ्याखालची पिशवी कण्यांनी टच्च फुगलेली. सगळी पिल्लं तिच्या पदराखाली पोटाशी शिरली अन् ती मांडी घालून तशीच अडकून बसली.

"मी उठले तर ही गारठतील," ती म्हणाली. "ज्ञानबा, तू जा उमरग्याला. सिताबाईला पेज करायला सांग, मीठ घालू नको म्हण. वीराला सांग, अक्का जेवली."

"अक्का, माझ्यावर कोण विश्वास ठेवंल? तालुक्यात माझं नाव काय हाय, तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय." अन् तिनं पदराखालनं ते कलंडलेलं पिल्लू काढून माझ्या हातात दिलं. "म्हणून गवाहीला हे ने."

आता आला बघ पटका. पाऊस, गारठा, खिशात पिल्लू दबंल, हातात पेजेचा डबा. मग ठेवणार कुठं? टाळूवर फडकं घातलं, त्यावर पिल्लू, वरनं पटक्याचे सैल वेढे, अन् श्वासाला बारीक फट. वडाप जीपमध्ये बसलो. माझ्या डोक्यातनं चिवचिव चालू. शेजारची बाई म्हणते, "काका, तुमच्या मोबाईलची रिंग लई ग्वाड हाय, उचला की." म्हणलं, उचलत न्हाय, वरचा कॉल हाय.

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर भेटला. सभ्य माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं, पटक्याकडं बघितलं, गळ्यातली नळी काढली अन् माझ्या टाळूला लावली. बराच वेळ ऐकलं. म्हणाला, "बाबा, तुमच्या डोक्यात काहीतरी जिवंत आहे." म्हणलं, साहेब, हे पहिल्यांदाच कुणीतरी मान्य करतंय.

वीरप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेला. पाठ बघितली त्याची. एके काळी ते वजन खांद्यावर घेऊन मी यात्राभर हिंडलो होतो, अन् आता चादरीखाली काही हाय का न्हाय ते हात लावून बघावं लागत होतं.

"वीरा," म्हणलं, "अक्का जेवली. आता तू घे."

"काका," तो न वळता म्हणाला, "येडशीच्या जंगलात बिबट्याला ताक पाजलं ते तुम्हीच न्हवं?"

"पाजलं. पण हे खरं हाय."

"ते बी खरंच होतं, तवा." त्याचा आवाज म्हणजे वाळल्या पानावरनं मुंगी चालावी तसा. "अक्का दिवेलागणीआधी खायची न्हाय. मला ठाऊक हाय. तुम्ही जा."

साऱ्या जन्मात एकदाच मला कुणी खरं मानावं अशी गरज पडली, अन् नेमकी माझी सगळी कमाई आडवी आली. मी पटका सोडला. वेढ्यावर वेढा. रंजनी बघत राहिली. शेवटच्या वेढ्यातनं पिल्लू निघालं, ते मी त्याच्या उशीवर, नाकासमोर ठेवलं.

पिल्लानं अंग झाडलं अन् चिवचिवलं. वीरप्पानं डोळे उघडले. पहिल्यांदा त्याला टाळूवरचं भस्म दिसलं. करंगळीनं ओढलेलं, जरा डावीकडं झुकलेलं. लहानपणी शाळेला जाताना त्याच्या कपाळावर असंच झुकलेलं असायचं, अक्काच्या हाताला ती सवयच हाय.

"हे आपल्या घरातलं?" त्यानं विचारलं.

"आपल्याच गंजीत, काल निघालेलं. अक्काच्या वाट्याचं. हात लाव गळ्याखाली."

त्यानं बोट लावलं. पिशवीत कण्या हाताला लागतात, बारीक वाळूसारख्या. त्यानं परत चाचपलं.

"कुणी चारलं?"

"तिनं. आधी आपण खाल्लं, मग तोंडातलं काढून चारलं. सकाळपासून हे कलंडून पडलं होतं, वीरा. आता बघ. उबदार लागतंय का न्हाय?"

रंजनी पुढं झाली. "अप्पा, आज्जीनं नवस मोडला न्हाय, तुमच्यासाठी उचलून स्वतःवर घेतला. आता तुम्ही उपाशी राहिलात तर तिनं खाल्लेलं वाया जाईल."

पिल्लू उशीवरनं उतरून त्याच्या काखेत शिरलं अन् तिथं बूड टेकून बसलं. वीरप्पा छताकडं बघत पडला. मग त्यानं तोंड उघडलं. जत्रेत रेवडीसाठी उघडायचा तसंच, वर माझ्याकडं बघून.

मी चमच्यानं पेज घातली. गिळली. दुसरा चमचा. गिळला. सांगतो तुम्हाला, त्याच्या गळ्यातला डीपी मी चालू होताना ऐकला, खट्ट करून. गालावर फेज आला. संध्याकाळी तो गडी उशीला टेकून बसला, अन् शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, तुमचा ट्रक कुठाय, मी नेतो सोलापूरला.

पण खरा चमत्कार राहिलाच. ऐका. उमाशंकर, गाळणी खाली ठेव. ती पेज डॉक्टरच्या हुकमानं अळणी. सिताबाईनं मिठाचा खडा दाखवला न्हवता, शपथेवर सांगतो. अन् तिसऱ्या चमच्याला वीरप्पा म्हणतो, "काका, खारट लागती."

खारट! कुठनं आलं मीठ? तिथं डॉक्टर डोळे पुसत होता. नर्स पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मी मात्र कोरडा ठणठणीत. मी रडणारा माणूसच न्हाय, दगड हाय मी दगड, उभ्या जन्मात डोळ्याला पाणी ठाऊक न्हाय. चमचा हातात धरून ताठ बसलेलो. तेव्हा खंडोबाची आण घेऊन सांगतो, ते मीठ वरनं देवानंच…

"खोटं!"

कोपऱ्यातली बाज करकरली. टॉवेल खाली पडला अन् वीरप्पा उठून बसला.

"साफ खोटं, काका! डॉक्टर तवा दुसऱ्या खोलीत होता, अन् नर्स पिल्लू बघून हसत होती. माझ्या तोंडावर वाकून बसलेला माणूस एकच होता. अन् त्याच्या नाकाच्या शेंड्यावरनं चमच्यात टपटप पडत होतं, ते मी खालनं बघत होतो!"